उत्तर आधी, रीडिंग नंतर

५ ऑगस्ट, शनिवार

चि. ठमे,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कोण काय म्हणालं ते दोघींनाही सांगता येत नाही. कागदावर निदान तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

तर, तुझ्या त्या कार्यशाळेला मी जाऊन आले. हौसेनं नाही. 'भौतिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी हाताने काम करण्याची कार्यशाळा, पाच शनिवार, हजेरी सक्तीची' असं तुमच्या प्रशिक्षण कार्यालयाचं पत्र शाळेत येऊन थडकलं. यादीत पहिलं नाव माझं आणि खाली सही माझ्याच भावाच्या लेकीची! आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मुख्याध्यापिकेसमोर काही बोलले नाही.

एकतीस वर्षं झाली मला नववी-दहावीला शिकवताना. आणि मला शिकवायला कोण, तर तीस-बत्तिशीतली एक पोरगी, ॲप्रनच्या खिशात पक्कड घालून फिरणारी. दुपारच्या चहापर्यंत आम्ही तिचं नाव 'पक्कडबाई' ठेवलं होतं. तिच्या कानावर गेलं तर म्हणते, "चालेल. फक्त वापरून झाल्यावर जागेवर ठेवा." जीभसुद्धा पकडीचीच आहे.

अध्यापक विद्यालयाच्या मागचा लांबडा हॉल आहे. टेबलं भिंतीला लावलेली आणि खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या. म्हणजे दिवसभर उभं. आम्ही छत्तीस शिक्षक, दोघादोघांच्या जोड्या. माझ्या जोडीला निवृत्तीला आलेले एक सर आहेत. शर्टाच्या खिशाला चार पेनं लावतात आणि लिहायला माझं मागतात.

सकाळी सकाळी तिनं प्रत्येक जोडीला एक सेल, एक छोटा दिवा आणि वीतभर वायर दिली. होल्डर नाही, काही नाही. म्हणाली, "लावा दिवा." सातवीतलं काम, पण वीस मिनिटांत नऊ दिवे लागले. आमचा लागला, कसा लागला ते विचारू नकोस. फळ्यावर सर्किट काढायला सांग, यातला प्रत्येक जण डोळे मिटून काढेल. पण वायर हातात धरायची सवयच कुणाला राहिलेली नाही. शाळेतलं कपाट कुलपात असतं, कारण उघडलं आणि काही फुटलं तर नाव आपलं खराब होतं.

हे मी तुला सांगितलं, तिला सांगणार नाही. पुढचे चार शनिवार मी हजेरीपुरती जाईन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही अजून जळलेला नाही.

तुझी आत्या


१० ऑगस्ट

तीर्थरूप, करारी आणि वाचताना मध्येच तोडता न येणाऱ्या आत्यास,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या कारकूनबाईंनी पाणी आणून दिलं.

यादीत तुझं नाव पहिलं का, ते सांगते. मी मुद्दाम टाकलं. ही कार्यशाळा कदाचित शेवटची आहे. आमच्या साहेबांना ती बंद करून त्याच्या जागी चित्रफिती दाखवायच्या आहेत. शिक्षकांनी खुर्चीत बसून बघायचं, शेवटी दहा प्रश्न, आणि प्रमाणपत्र. त्यांच्या मते पक्कडबाईंच्या पद्धतीत वेळ फार जातो आणि निष्पत्ती दिसत नाही. सप्टेंबरात समिती बसणार आहे. समितीची अट अशी, की कार्यशाळेतल्या लंबकाच्या प्रयोगात छत्तीसपैकी निदान तीस जणांचं उत्तर दोन टक्क्यांच्या आत बरोबर यायला हवं. आलं तर कार्यशाळा चालू राहील, नाहीतर गुंडाळली जाईल.

लंबकात तुला कोण हरवणार? तू असलीस की निदान एक जोडी पक्की, आणि तू बाकीच्यांनाही सांभाळून घेशील, म्हणून तुझं नाव. आता तरी हजेरीपुरती जाऊ नकोस. आणि कृपा करून पक्कडबाईंशी भांडू नकोस. ती कंत्राटावर आहे, कार्यशाळा गेली तर तीही जाईल.

माझं बरं चाललंय. कामाचं वगैरे विशेष काही नाही.

तुझी ठमी


१९ ऑगस्ट, शनिवार

ठमे,

आज लंबक झाला. आल्या आल्या लिहायला बसलेय, पातेल्यात दूध तसंच आहे.

तुझ्या नावानं कंबर कसून गेले होते. मीटरभर दोरा, खाली लोखंडी नट, वर खिळा. वीस झोके मोजायचे, वेळ घ्यायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर यायला हवं नऊ पॉइंट आठ. मी मोजत होते आणि चार पेनांच्या सरांच्या हातात स्टॉपवॉच. अर्ध्या तासात अठराही जोड्यांच्या वह्या टेबलावर. सगळ्यांचं उत्तर नऊ पॉइंट आठ. कुणाचं नऊ पॉइंट सात-नऊ, कुणाचं नऊ पॉइंट आठ-एक, पण घर तेच. मनात म्हटलं, झालं ठमीचं काम.

पक्कडबाईनं सगळ्या वह्या वाचल्या. चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही. मग म्हणाली, "आता सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजा. मी नट सोडते, तुम्ही घड्याळ दाबा."

तिनं नट सोडला. अठरा घड्याळं दाबली गेली आणि आम्ही छत्तीस जण एका सुरात म्हणालो, "एक!"

तिनं हातानं लंबक धरला.

"आत्ता कुठे सुटला हा. एक झोका कधी झाला?"

तुझ्या लक्षात आलं का? सुटताना 'शून्य' म्हणायचं, परत आला की 'एक'. आम्ही सुटतानाच 'एक' म्हणतो, म्हणून 'वीस' म्हणतो तेव्हा झोके झालेले असतात एकोणीस. एकतीस वर्षं मी असंच मोजत आलेय. माझ्या बाईंनी मला असंच शिकवलं आणि मी शेकडो पोरींना.

ही चूक मी गिळलीही असती. पण पक्कडबाईनं फळ्यावर हिशेब मांडला. एकोणीस झोक्यांना वीस म्हटलं की उत्तर येतं दहा पॉइंट आठ-सात. मग ती वळून म्हणाली, अगदी हळू आवाजात, "तुम्ही सगळेच एकपासून मोजत होतात. मग नऊ पॉइंट आठ आलं कुठून?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं ग. कारण कुठून आलं ते मला ठाऊक होतं. सरांनी घड्याळ बघून सांगितलं होतं, "बाई, अडतीस पॉइंट एक." आणि मीच म्हणाले होते, "अडतीस कसं असेल? चाळीस पॉइंट एक लिहा." उत्तर पाठ आहे, त्यावरून मागे मागे येत रीडिंग काढायची. छत्तीस जणांनी तेच केलं. कुणीही कुणाचं बघितलं नव्हतं, तरी सगळ्यांची लबाडी एकसारखी.

मी भांडलेच. म्हटलं, "वर्गात पंचेचाळीस पोरी असतात, चार घड्याळं असतात, त्यातली दोन बंद असतात. उत्तर चुकलं तर परीक्षक मार्क कापतो. तुम्ही या एकदा आमच्या वर्गात!" ती म्हणाली, "येईन." एवढंच. नाचता येईना आणि अंगण वाकडं म्हणणारीला दुसरं काय उत्तर देणार?

जेवणानंतर सगळ्यांनी पुन्हा केलं, शून्यापासून. शाईच्या पेनानं लिहायचं, खोडायचं नाही, आणि सकाळी घड्याळानं खरंच काय दाखवलं होतं तेही शेजारी लिहायचं. आमचं आता आलं नऊ पॉइंट सात-दोन. एका जोडीचं नऊ पॉइंट दोन, एकांचं दहा पॉइंट तीन. दोन टक्क्यांत बसणारे बाराच. तुझी अट काही पुरी झाली नाही बाई. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला माझं स्वतःचं उत्तर मिळालं, आणि मी ते दोनदा वाचलं.

आत्या


२५ ऑगस्ट

आत्या,

तुमच्या सगळ्यांच्या आकड्यांचा, शाईनं लिहिलेला तक्ता कार्यालयात पोचला. साहेबांनी तो माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "हे समितीला दाखवायचं? शिक्षकांनाच येत नाही, हे आपणच दवंडी पिटून सांगायचं?"

आता जरा शांतपणे वाच. साहेबांनी सांगितलंय की सगळ्या नोंदींची सुवाच्य प्रत करायची. शेवटच्या शनिवारी, दोन सप्टेंबरला, ती हॉलमध्ये येईल. तुम्ही फक्त सह्या करायच्या. त्यात सकाळचे आकडे नसतील आणि दुपारचे थोडे सरळ केलेले असतील. यात नुकसान कुणाचं आहे? अट पुरी होते. कार्यशाळा चालू राहते, पक्कडबाई राहते, पुढच्या वर्षी आणखी छत्तीस जण शून्यापासून मोजायला शिकतात. एवढ्या चांगल्या गोष्टीसाठी झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली तर बिघडलं कुठे? हात दाखवून अवलक्षण करू नकोस. बाकीचे तुझं ऐकतात. तू पहिली सही केलीस की सगळे करतील.

आणखी एक. लिहिणार नव्हते, पण लिहिते. मला नोकरीत कायम करायचं की नाही ते पुढच्याच महिन्यात ठरणार आहे. हा अहवाल माझ्या सहीनं जातो. 'मूळ नोंदींवरून तयार केला' असं खाली लिहिलेलं असतं आणि त्याखाली मी. तो नीट गेला तर मी कायम, नाही गेला तर साहेब काय लिहितील ते तुला सांगायला नको.

रागावू नकोस, पण हे मला तूच शिकवलंस. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी जर्नल लिहीत होते. तू म्हणाली होतीस, "उत्तर आधी लिही, रीडिंग नंतर. कागद तपासणाऱ्याला उत्तर हवं असतं, बाळा." मला वीसपैकी वीस पडले होते. मग आता तेच केलं तर मी वाईट कशी?

तुझीच
ठमी


३ सप्टेंबर, रविवार

ठमे,

आठवडाभर तुला उत्तर दिलं नाही. तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलं. पीठ काढताना रोज दिसायचं.

मी सही केली नाही.

काल हॉलमध्ये टेबलावर छापील प्रत मांडून ठेवली होती. माझ्या नावापुढे नऊ पॉइंट सात-नऊ. सात-दोनचं सात-नऊ करणाऱ्याचं टायपिंग सुरेख होतं हो! पक्कडबाई खिडकीपाशी उभी होती. कुणीतरी विचारलं, "करू का सही?" ती म्हणाली, "मी यात काही सांगणार नाही. माझी नोकरी त्यात अडकलीय, मी काहीही सांगितलं तरी ते माझ्यासाठीच सांगितल्यासारखं होईल." मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. मग मीच बोलले. म्हटलं, "ज्या हॉलमध्ये खोटं लिहायचं नाही हे शिकलो, त्याच हॉलला वाचवायला खोटं लिहायचं? मग वाचवायचं तरी काय? टेबलं?" एकोणीस जणांनी सह्या केल्या, मला त्यांचा राग नाही, प्रत्येकाला आपापलं घर आहे. सतरा जणांनी नाही केल्या. चार पेनांच्या सरांनी खिशातलं एक पेन काढलं, बराच वेळ बघितलं आणि परत लावून टाकलं.

आता तुझ्याबद्दल. तुला ते वाक्य आठवतं, पण त्याआधीचं आठवत नाही. मला आठवतं, कारण आठवडाभर मी दुसरं काही आठवलेलं नाही. तू ओट्याशी बसली होतीस. मी तुझ्याकडून झोके मोजून घेत होते. तू दोरा सोडलास आणि गप्प राहिलीस. मी म्हटलं, "एक म्हण." तू म्हणालीस, "आत्या, पण तो अजून परत आला कुठे?"

पंधरा वर्षांची होतीस. तुला जे दिसलं ते मला छप्पन्नाव्या वर्षी, पस्तीस जणांसमोर तोंडावर आपटून दिसलं. आणि मी तुला काय म्हणाले? "वाद घालू नकोस, असंच मोजतात." मग तुझं उत्तर चुकलं, तू रडायला लागलीस, आणि तेव्हा मी ते वाक्य तुला सांगितलं. तू बरोबर होतीस ठमे. चूक मी केली, वर लबाडीही मीच शिकवली. त्यानंतर तू विज्ञान सोडलंस. सगळ्यांना सांगायचीस की मला त्यात गोडी नाही. मी पण तेच सांगायचे.

गेल्या सोमवारी दहावीच्या वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं, की मी आजवर चुकीचं मोजायला शिकवलं आणि उत्तरं जुळवायलाही शिकवली. मागच्या बाकावरची एक म्हणाली, "म्हणजे बाई, गेल्या वर्षीच्या ताईंचे मार्क खोटे?" म्हटलं, "मार्क खरे आहेत, रीडिंग खोटी." पोरी हसल्या. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी आत बोलावून विचारलं, "गरज काय होती?" सगळ्यांचा हाच प्रश्न असतो बघ.

तुझी नोकरी मला कमी वाटत नाही. रोज दहा वेळा मनात येतं, करून टाकावी सही, पोर सुखात राहील. पण तुला एकदा गप्प केलं, पुन्हा करणार नाही. मूठ उघड. आत सव्वा लाख नसतील, पण जे असेल ते आपलं असेल.

आत्या


८ सप्टेंबर

आत्या,

घाईत लिहितेय. आज तक्त्यावर सही केली आणि समितीकडे पाठवला. साहेब समोरच उभे होते. आता जे व्हायचं ते होईल. काही दिवस मला पत्र लिहू नकोस, निदान ऑफिसच्या पत्त्यावर तर नकोच. सविस्तर नंतर.

ठमी


११ सप्टेंबर

ठमे,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम ऑफिसच्याच पत्त्यावर. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

केलीस सही. साहेब समोर उभे होते म्हणून केलीस. उद्या दुसरा कुणी समोर उभा राहील. मी एवढं मन उघडं करून लिहिलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. एका ओळीत कळवलंस आणि वर दारही लावून घेतलंस. तुझ्यावर माया आहे, ती कुठे जात नाही, ती माझ्या हातात नाही. पण आज मला तुझी लाज वाटली.

मी आज समितीला माझ्या नावानं पत्र टाकलंय. सोबत माझ्या वहीच्या पानाची नक्कल. त्यात लिहिलंय की मी एकतीस वर्षं झोके चुकीचे मोजले, आकडे जुळवले, विद्यार्थिनींनाही जुळवायला शिकवलं, आणि हे मला या कार्यशाळेत कळलं. बाकी कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नाही, प्रमाणपत्रं मात्र अकरा मिळाली. ज्या तक्त्यात माझं उत्तर ९.७९ आहे तो खोटा आहे, असंही लिहिलंय. तुझं नाव घातलं नाही. पण तक्त्याखाली सही तुझी आहे, ती ते वाचतीलच. त्याला माझा इलाज नाही.

आत्या


२१ सप्टेंबर

आत्या,

तुझं पत्र मिळालं. साहेबांनी आधी फोडून वाचलं होतं. हल्ली माझं टपाल त्यांच्या टेबलावरून येतं, म्हणून लिहू नकोस म्हणाले होते. माझ्या हातात देताना म्हणाले, "तुमच्या घराण्यात कुणी गप्प बसतं का हो?"

मी सही केली ती तुमच्या मूळ तक्त्यावर. शाईच्या.

कोणत्या तक्त्यावर ते लिहिलं नाही, ही माझी चूक. मला वाटलं तू ओळखशील. तुझं तीन तारखेचं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. 'तो अजून परत आला कुठे' हे मी म्हणाले होते, हे मी साफ विसरले होते. माझं डोकं त्या विषयाला चालत नाही, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तू एका ओळीत मला माझं डोकं परत दिलंस. त्यानंतर खोट्या कागदावर सही करायला हात कसा उठेल?

साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले होते. छापील प्रतीत छत्तीसही उत्तरं होती, ज्यांनी नकार दिला त्यांचीसुद्धा. "त्यांच्या सह्या मागाहून घेऊ," म्हणाले. मी मूळ तक्ता ओढला, सही केली, आणि खाली लिहिलं, "दुसरी प्रत मी तयार केलेली नाही व करणार नाही." ते म्हणाले, "पुन्हा वाचून बघा." म्हटलं, "वाचूनच केलीय." मग पाकीट बंद करून मी स्वतः टपालात नेऊन टाकलं, शिपाईकाकांच्याही हातात दिलं नाही.

समिती अठरा तारखेला बसली. माझा तक्ता आणि तुझं पत्र एकाच फायलीत होतं. एक जण म्हणाले म्हणे, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरा अहवाल वाचला. पण अट ती अट. छत्तीसपैकी बारा. कार्यशाळा यंदापुरती थांबवली. चित्रफिती सुरू होतील. पक्कडबाईंचं कंत्राट संपलं. त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा मला रडू आलं, त्यांना नाही. मला कायम करणं वर्षभर पुढे ढकललं आणि आवक-जावक विभागात बसवलं. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारते.

वाईट वाटतंय का? वाटतंय. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण सगळ्यात जास्त लागलं ते तुझं पत्र. साहेबांनी मला ओळखलं, म्हणून तर आधी दटावलं, मग हलवलं. तू कसं नाही ओळखलंस?

ठमी


२५ सप्टेंबर

माझ्या ठमे,

चुकले. फार चुकले. हे मी तुझ्या बापालाही कधी म्हटलेलं नाही, आणि तो माझा थोरला भाऊ.

तू विचारलंस, कसं नाही ओळखलं. सांगते. तू खोट्यावर सही केली असशील, असंच मला पहिल्या क्षणी वाटलं. दुसरं काही असू शकेल असं मनातच आलं नाही. कारण तुला शिकवलं कुणी, तर मी. मी माझंच शिकवणं तुझ्या सहीत वाचलं. तू ते केव्हाच टाकून दिलं होतंस, ते मला दिसलं नाही. उत्तर आधी लिहून मोकळी झाले आणि तुझं रीडिंग घेतलंच नाही. समोर असतीस तर कान धरून उभी राहिले असते.

शिक्के मारतेस ना, जोरात मार. त्या टेबलावर बसणारी पोरगी कोण आहे, ते मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणार आहे. पुढल्या आठवड्यात येते तुझ्याकडे. येताना पक्कडबाईलाही आणते. माझ्या वर्गात येईन म्हणाली होती, ती परवा खरंच आली. पंचेचाळीस पोरी, चार घड्याळं, दोन बंद. तिनं दोन्ही बंद घड्याळं पोरींकडूनच उघडवली, एक चालू झालं. सही न केलेले बाकीचे सोळा जण पुढच्या रविवारपासून माझ्या प्रयोगशाळेत येणार आहेत. सह्या केलेल्यांपैकीही सहा जणांनी, "आम्हाला चालेल का," असं विचारलं. म्हटलं, या. हजेरी नाही, प्रमाणपत्र नाही, साहेब नाहीत.

आता माझी बातमी. मला संस्थेची नोटीस आली आहे. 'आपण अनेक वर्षे चुकीचे शिकवल्याचे विद्यार्थिनींसमोर व समितीसमोर उघडपणे का सांगितले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.' मी दोनदा वाचली. चुकीचं का शिकवलं, असं त्यात कुठेच विचारलेलं नाही. सांगितलं का, एवढंच विचारलंय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, दोन शब्द दिलगिरीचे लिहा, विषय मिटेल."

खुलासा आज दिला. एकच ओळ आहे. पुन्हा चुकले, तर पुन्हा सांगेन.

तुझी
आत्या